दाराची चौकट

चिप्सवर व्हिनेगर पडलं, की मला ब्रिस्टलमधली डार्करूम आठवते. तिथल्या एका रसायनाला तसाच आंबट वास यायचा. वीसेक वर्षांपूर्वी, व्हिसावर इंग्लंडमध्ये नवीन आले तेव्हा मी दर शनिवारी तिथे फोटो धुवायला शिकायचे. शेजारी एक पॅलेस्टिनी नर्स असायची. एकदा लाल दिव्याखाली तिच्या ट्रेमधल्या कागदावर हळूहळू एक बाई उमटली. पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात दोरी बांधून ती कपडे वाळत घालत होती. "माझी आई. घर पाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "काय सुंदर आलाय फोटो!" मी बोलून गेले. ती म्हणाली, "सुंदर नकोय गं. मागचा दगडन् दगड दिसला पाहिजे. उद्या कुणी म्हणालं, इथे घर नव्हतंच, तर?" ती फिकी प्रिंट बाजूला सारून तिने पुन्हा पुन्हा नव्या प्रिंट काढल्या. चौथ्या प्रिंटमध्ये ढिगाऱ्यातली दाराची चौकट स्पष्ट दिसली. चौकटीवर बोट ठेवून ती म्हणाली, "इथे उभं करून बाबा माझी उंची मोजायचे." पुढच्या शनिवारी ती आली नाही, नंतरही कधी नाही. तिने टाकलेली ती पहिली, फिकी प्रिंट मी घरी आणली. अजूनही कुणी विचारलं, ही कोण, की मी सांगते, मैत्रिणीची आई, आणि इथे त्यांचं दार होतं. पण बोट ठेवते तिथे नुसता पांढरा कागद असतो.