भाताचा नवस आणि थर्मासमधला चहा

दवाखान्यात माणूस एक दुखणं घेऊन जातो आणि येताना किस्से पदराला बांधून आणतो. माझा पदर अजून जड आहे! बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मिलिटरीतून रिटायर होऊन ऊस लावणारे आमचे हे सांगलीच्या दवाखान्यात होते. पोटातून काळजाकडं रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतच गाठ!

डॉक्टर म्हणाले, "अशी गाठ मी फक्त पुस्तकात पाहिलीय. काढली नाही तर माणूस जाईल. काढताना काय होईल, सांगवत नाही."

मी थर्मास पुढं केला. दोन कप घेतले त्यांनी. चहाचा भारी नाद!

*

"गाठीसंगं शीर कापून बांधल्यावर रगात जानार कुठनं?" ह्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"उसाचा पाट बुजला तर पाणी कुठनं जातं?"

"भावकी बांध फोडून नेतीया की!"

"तसंच. बारीक शिरा वाट काढतील. पण पाय सुजतील. चालता येईल का, ते नंतरच कळेल."

"म्हंजी भावकी पैल्यांदाच कामाला येनार म्हना!"

*

हे आपल्या पायांनी दवाखान्याबाहेर पडेपर्यंत भात खाणार नाही, असा मी जोतिबाला नवस बोलले. डॉक्टर हसले. "वहिनी, भात सोडून गाठ सुटत नसते. ती चाकूनं सुटते."

"व्हय. पन चाकूच्या हाताला बळ कोन देनार?"

ते आपल्या हातांकडं बघत निघून गेले.

*

रक्त द्यायला आमच्या गावाहून, कुंडलहून, ट्रकभर माणसं आली. शनिवार. ह्यांच्यासाठी सगळ्यांनी मारुतीचा कडक उपास धरलेला! सिस्टर म्हणाल्या, "उपाशी माणसाचं रक्त घेत नाही."

थोरले दीर, आबा, हटून बसले. "उपास मोडला तर मारुतीराया कोपंल."

मी म्हणाले, "आवं आबा, त्यानं औषिधासाठी डोंगर उचलला. तुमाला भाकरी उचलंना व्हय?"

आबांनी गुमान भाकरी मोडली. मागोमाग सगळ्यांनी!

*

ऑपरेशन दिवसभर चाललं. गाठ निघाली. डॉक्टर बाहेर आले, मी थर्मास उघडला. "नको." दुसऱ्या दिवशीही "नको." माझ्या त्या चाकूच्या बोलण्याचा राग आला असावा, म्हणून मी परत विचारलं नाही.

ह्यांचे पाय खांबासारखे सुजलेले. पट्ट्या गुंडाळून खाटेचा पायथा विटांवर चढवला. हे म्हणाले, "सिस्टर, लढाईत बी आमी कवा पाय वर केलं न्हाईत!"

*

सूज हळूहळू ओसरली. घरी जायच्या दिवशी हे भिंत धरून निघाले. मग भिंत सोडली. आबांचा हातही नको म्हणाले. एकेक पायरी उतरून उन्हात उभे राहिले. मी हात जोडले. किती देवांना, आठवत नाही.

मागून डॉक्टरांचा आवाज आला, "वहिनी, थर्मास आहे ना? ओता."

सिस्टर चकित! "डॉक्टर, ऑपरेशनच्या सकाळपासून तुम्ही चहा सोडला होता ना?"

"ओता, वहिनी," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही घरी जाऊन भात खा!"