उपासाच्या दिवशीची गोळी

माझी मुलगी चौदा वर्षांची असताना पहिल्यांदा पुण्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात गेली, आणि पुढच्या सव्वा वर्षात आणखी दोनदा. दर वेळी बरी होऊन थेरगावला घरी यायची, भांडी घासताना गुणगुणायची. मग पुन्हा तिची झोप उडायची, भिंतीतून कुणीतरी बोलतंय म्हणायची. "माहेरी गेल्यागत जातीया आन येतीया," असं बायका नळावर म्हणायच्या. मी घागर भरून खाली मान घालून निघून यायचे.

तिसऱ्यांदा तिला घरी आणायला जायच्या सकाळी मी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. चालू पाकीट कोनाड्यात असायचं, डब्यात नुसत्या उरलेल्या गोळ्या. सरकारी औषध वाया कशाला घालवायचं, म्हणून परत द्यायच्या होत्या. डबा हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. एवढ्या उरल्या? दुपारचं जेवण झालं की मी रोज माझ्या हातानं गोळी देत होते.

रोज? मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. चौथीपर्यंत शिकलेली, तेवढं वाचता येतं. लेक बरी व्हावी म्हणून मीच तिला सोमवार धरायला लावले होते. चतुर्थी सासूबाईंनी सांगितली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं, दुपारी जेवणानंतर एक गोळी. उपासाला दुपारी जेवण नाही, म्हणून गोळी नाही, ती डब्यात. पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं नवरात्राचे नऊ दिवस धरले, आणि दिवाळीच्या आत तिला परत न्यावं लागलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा श्रावणभर एकदाच, संध्याकाळी जेवली, आणि गणपती बसायच्या आत पुन्हा तेच. त्या तारखांवरून मी पुन्हा एकदा बोट फिरवलं. रडू आलं, पण त्याहून जास्त आनंद झाला. आपल्याला सापडलं! आता ती घरी राहील!

इस्पितळात जायला यांनी कंपनीतून रजा घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी रोज चालू होती ना?"

"येक दिस चुकवली न्हाई," हे म्हणाले.

मी डबा टेबलावर ठेवला. "चुकवली. मीच."

हे बघतच राहिले. परक्या माणसासमोर माझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मी थांबले नाही. सोमवार, चतुर्थी, नवरात्र, श्रावण, सगळं सांगितलं.

बाई डब्याकडे बघत म्हणाल्या, "उपासाचं आम्ही कधी विचारलंच नाही. एवढ्या एकाच गोष्टीनं आजार उलटतो असं नाही. पण गोळीत खंड पडला की तिची तब्येत घसरणार. उपासाला दुपारी काय खाते?"

"भगर. दाण्याची आमटी."

"मग त्यावर द्या." उरलेल्या गोळ्या काढून घेऊन त्यांनी रिकामा डबा मला परत दिला.

घरी सासूबाई ऐकेनात. "इंग्रजी गोळी? आन उपासात? देवीला चालंल व्हय?"

एरवी मी गप्प बसले असते. पण नवरात्र आठ दिवसांवर आलेलं. "तुमची मिसरी चालतीया की, आत्याबाई."

लेक खुदकन हसली. सासूबाईंनी दातांवरचं बोट काढलं. "आत्ता गं बया! तोंड फुटलं व्हय तुला?" म्हणाल्या आणि चूळ भरायला परसात गेल्या.

घट बसले. पहिल्या दुपारी लेकीनं भगर खाल्ली. मी पाणी घेऊन येईपर्यंत सासूबाईंचा आवाज आला, "अगं, गोळी कुठाय हिची? ताट उचलू नगा तवर."

मी गोळी लेकीच्या तळहातावर ठेवली. तिनं ती गिळली आणि आजीला जीभ बाहेर काढून दाखवली.

दिवाळीत पहिल्या आंघोळीला मी तिच्या पाठीला उटणं लावलं. गार लागतंय म्हणून ती ओरडत होती. मधेच उठून मी उटण्याच्या हातानंच फळीवरचा डबा हलवून पाहिला. वाजला नाही.