पहिल्या ओळीतला गुलाब

आमच्या चिंचवडच्या शाळेच्या फाटकाशी, पत्र्याच्या आडोशाला, रस्त्याकडे तोंड करून एक मोठा फळा टांगलेला असे. मुंबई रस्त्यानं जाणारा-येणारा माणूस तिथं घटकाभर थांबल्याशिवाय पुढं जात नसे. डाव्या बाजूला बातम्या आणि उजव्या बाजूला ‘अभिनंदन’. दिल्लीत काय ठरलं, चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव काय निघाला, पिंपरीला औषधाच्या कारखान्यात माणसं घेणार आहेत की नाही, हे सगळं डावीकडे. कुणी वक्तृत्वाची ढाल आणली, कुणी लांब उडीत पहिला आला, तर त्याचं नाव उजवीकडे. पवना नदीपलीकडच्या आमच्या गावात तलाठ्याच्या शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता, पण फळ्यावर आलं म्हणजे ते खरं. ज्याला वाचता येत नसे तो वाचणाऱ्याला धरून आणी. ज्याच्या पोराचं नाव आलं असेल तो बाप त्या दिवशी काही काम नसताना चिंचवडात दोनदा चक्कर मारी.

तो फळा आठवीपासून मी लिहीत होते.

आठवीत आल्यावर हेडमास्तरांनी सगळ्या वर्गाला एक उतारा लिहायला लावला, बाकांमधून फिरले आणि माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणाले, “उद्यापासून फलक ही लिहील.” ते कधी फळा म्हणत नसत. वर्गात मुली आम्ही मोजक्याच, त्यात मी शेतकऱ्याची. पोरं मागून खाकरली. पण दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेच्या आधी मी स्टुलावर उभी असे. पुण्याच्या पहिल्या गाडीनं हेडमास्तरांचं वर्तमानपत्र येई, ते लाल पेन्सिलीनं खुणा करून देत आणि मी त्या बातम्या छोट्या करून लिही. थंडीत बोटं भेगाळत, खडूची पूड त्या भेगांत जाऊन चुरचुरे. तरी मला ते काम मनापासून आवडे. रस्त्यावरची मोठी माणसं माना वर करून माझं अक्षर वाचत उभी राहत, आणि मी आतून बघत असे.

हेडमास्तर सज्जन होते. हे मुद्दाम सांगते, कारण दुष्ट माणसानं केलं असतं तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी कुणाच्या पोराला उगाच मारलं नाही, कुणाची फुकटची भाजी घेतली नाही. फक्त त्यांना नियमांचा फार सोस. फळ्याचे नियम असे होते: तो मुलांचा, त्यामुळे शिक्षकांनी त्याला हात लावायचा नाही. अक्षर गचाळ असेल तर पुसून टाकायचं, कारण फळा रस्त्यावर आहे आणि शाळेची अब्रूही रस्त्यावर आहे. आणि ज्याच्या हातात खडू, त्यानं स्वतःचं नाव लिहायचं नाही. “आपली स्तुती आपल्याच हातानं? शोभतं का ते?” असं ते विचारत, आणि कुणालाही वाटे, खरंच, नाही शोभत.

एकेक नियम घेतला तर कुणीही मान डोलवावी. पण तिन्ही एकत्र केले की त्यातून एवढंच निघत होतं की माझं नाव त्या फळ्यावर कधी येणार नाही. एवढे शिकलेले हेडमास्तर, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मला नववीतच कळलं. त्या वर्षी चित्रकलेच्या परीक्षेत मी वरच्या श्रेणीत आले. माझं नाव लिहायला वर्गातल्या एका मुलाला सांगितलं. त्यानं जीभ बाहेर काढून कसंबसं लिहिलं. हेडमास्तर आले, बघितलं, म्हणाले, “हे काय कोंबडीचे पाय काढलेत? पुसा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “उद्या नीट कुणाकडून तरी लिहून घेऊ.” दुसऱ्या दिवशी कबड्डीचा संघ जिंकून आला. तो मीच लिहिला, रंगीत खडूनं.

घरी माझे वडील, आबा, एकेक अक्षर बोटानं धरत वाचणारे. भावकी विरोधात असताना त्यांनी मला हायस्कूलात घातलं होतं. पोरीला नदीपलीकडं धाडतोय म्हणून पारावर त्यांची टिंगल व्हायची. “सगळ्यांची नावं येत्यात फळ्यावर. तुज्या पोरीचं कसं न्हाई येत?” असं लोक विचारायचे. मी आबांना नियम समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “व्हय, बरोबर हाय. आपलं आपन लिवू न्हाई.” त्यांनाही तो पटला, म्हणजे काय बोलणार!

मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, असताना मामा निघोज्याचं स्थळ घेऊन आला. इंद्रायणीकाठची जमीन, एकुलता एक मुलगा, नावं ठेवायला जागा नाही. मला पुण्याला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. ट्रेनिंग कॉलेजात मुलींची राहायची सोय असते हे मला शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं आणि मी ते आबांच्या कानावर घातलं होतं. मामाचं बोलणं पुरतं ऐकून आबा म्हणाले, “परीक्षेत नंबर काढला, फळ्यावर नाव आलं, तर मी सोता पुण्याला नेऊन सोडतो हिला. मग कुनी काय बोलायचं न्हाई.”

“आनि न्हाई आलं तर?” मामानं विचारलं.

“न्हाई आलं तर तुजं खरं.”

“मग आषाढाच्या आत बार उडवायचा. ठरलं बगा.”

ठरलं. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. मला कुणी विचारलं नाही, पण मला वाईटही वाटलं नाही. उलट मी मनात हसले. नंबर काढायचा एवढंच ना, म्हटलं. मी तो काढणार होते, आणि काढला.

निकालाच्या दिवशी सकाळीच शाळेत गेले. हेडमास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते उभे राहिल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. “पहिली आलीस! शाळेत पहिली! मुलगी पहिली यायची ही आपल्याकडची पहिलीच वेळ,” म्हणाले आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे. खोटं नव्हतं त्यात काही.

मी विचारलं, “सर, फलकावर येईल ना?”

“म्हणजे काय! आलंच पाहिजे. पण तू नाही लिहायचंस.”

“मग कोण लिहील?”

त्यांनी विचार केला. दहावीतल्या एका मुलाचं अक्षर बरं होतं. तो लिहील म्हणाले. “पण बाकीचा फलक तू करून ठेव. आज कारखान्याचे मोठे साहेब येताहेत. प्रयोगशाळेचं त्यांच्याशी बोलायचंय मला.”

मी स्टुलावर चढले. वर ‘सुस्वागतम्’ लिहिलं, दुरंगी, सावली देऊन. खाली परीक्षेतलं यश. पहिली ओळ मोकळी ठेवली. दुसऱ्या ओळीत दुसरा आलेला वाण्याचा मुलगा लिहिला, तिसऱ्या ओळीत तिसरा आलेला. त्या तिसऱ्याला भूमिती मी शिकवली होती, म्हणून त्याचं नाव लिहिताना मला मजाही वाटली. मग मी दहावीतल्या त्या मुलाची वाट बघत बसले. त्याला सायकलवरून हार आणायला पिटाळलं होतं. तो येईना. रस्त्यावर जीपचा धुरळा दिसू लागला तसे हेडमास्तर लगबगीनं बाहेर आले, फळ्याकडे बघून थबकले.

“ही जागा अशी मोकळी बरी नाही दिसत. पाहुणे काय म्हणतील? असं कर, तिथं एक गुलाब काढ. छानसा. नाव संध्याकाळी टाकू.”

मी गुलाब काढला. गुलाबी पाकळ्या, हिरवा देठ, दोन पानं. चार वर्षांत काढलेल्या चित्रांत तो सगळ्यात चांगला आला. माझ्या हाताला तेवढंही कळलं नाही की आज बिघडायला हवं.

पाहुण्यांच्या स्वागताला मुलींना फाटकाच्या आत ओळीनं उभं केलं होतं. माझ्या हातात ओवाळणीचं ताट होतं. तिथून मला आबा आलेले दिसले, मामाही बरोबर. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, लग्नाकार्यातला फेटा बांधला होता. ते फळ्यासमोर उभे राहून बोट हवेत धरून वाचू लागले. त्यांची फक्त पाठ मला दिसत होती. ताट हातात, ओळ मोडता येईना. आबांचं बोट खालपर्यंत गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं.

पाहुणे आत गेले तशी ताट दुसरीच्या हातात कोंबून मी बाहेर पळाले.

“आबा, पहिली मीच आलेय! तिथं माझंच नाव यायचंय. संध्याकाळी टाकणार आहेत.”

मामा हसला. “दुसऱ्याचं हाय, तिसऱ्याचं हाय, आनि पयल्याच्या जागी फूल? पोरी, आमी अडानी असू, येडं न्हाई.”

“आबा, शपथ. सरांना विचारा.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. “मला ठावं हाय गं. माजा इस्वास हाय तुज्यावर. पर मी कुनाकुनाला सांगत बसू?”

तेवढ्यात हेडमास्तर पाहुण्यांना शाळा दाखवत पुन्हा फाटकाकडे आले. आबा हात जोडून पुढं झाले. “मास्तर, ही माजी पोरगी...”

“अरे वा! फार गुणी मुलगी हो तुमची. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे!” आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “हा सगळा फलक हिनंच लिहिलाय.” साहेब म्हणाले, “सुंदर. गुलाब तर फारच छान.” आणि दोघं पुढं गेले. पहिली आली, हे दोन शब्द सांगायला कितीसा वेळ लागतो? प्रयोगशाळेसाठी वेळ होता. गुलाबासाठी वेळ होता.

मामा म्हणाला, “ऐकलं का दाजी? अक्षर चांगलं हाय म्हनला. दुसरं काय म्हनला का?”

आबा घराकडे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच पुन्हा चिंचवडात जाऊन आले. रोज सकाळी शिपाई ओल्या फडक्यानं फळा पुसत असे, तसा तो पुसला होता, आणि त्यावर त्या दिवशीच्या बातम्या होत्या. हार आणायला गेलेला मुलगा आदल्या दिवशी परतला तेव्हा शाळेला कुलूप लागलं होतं म्हणे. निकाल ही एका दिवसाची बातमी. माझी शाळाही संपलेली. मी दाखल्यावरचे मार्क आबांना दाखवले. ते इंग्रजीत होते. आबांनी कागद नीट घडी घालून मला परत दिला, बैलांना वैरण टाकली आणि मामाला म्हणाले, “बग, कंचा मुहूर्त हाय ते.”

मला फार राग आला होता. मामाचा नाही, तो उघड विरोधात होता. हेडमास्तरांचा आला, आणि त्याहून जास्त आबांचा. विश्वास आहे म्हणाले होते ना! त्या विश्वासाचं मी काय करू? लोणचं घालू? पारावरच्या लोकांसमोर एकदा तो घेऊन उभे राहिले असते तर मी त्यांचे पाय धुऊन पाणी प्यायले असते. नाही राहिले. आज ते नाहीत, आणि तरी हे लिहिताना माझा हात जड होतो तो दुःखानं नाही, रागानंच.

लग्न आमच्या दारात लागलं. हेडमास्तर आले होते. आहेर म्हणून त्यांनी मला फाउंटन पेन दिलं. त्यानं काय लिहायचं, ते नाही सांगितलं.

वरातीची गाडी निघोज्याला निघाली. आबा मला मुंबई रस्त्यापर्यंत पोचवायला गाडीबरोबर चालत आले. शाळेसमोर आलो आणि ते एकदम थांबले. गाडीवानाला म्हणाले, “जरा थांब.” आठवीत नवी आलेली एक मुलगी आता फळा लिहीत होती. अक्षर चांगलं होतं तिचं, गोल, टपोरं. उजव्या बाजूला ‘अभिनंदन’ आणि त्याखाली लिहिलं होतं की आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनीचा आज शुभविवाह होत असून शाळेतर्फे तिला शुभेच्छा. माझं नाव, मधे आबांचं नाव, मग आडनाव. सगळं पहिल्या ओळीत.

आबांनी बोट हवेत धरून वाचलं. स्वतःचं नाव आलं तिथं थोडं थबकले. मग माझ्याकडे वळले, फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि म्हणाले, “आलं गं! बग, आलं का न्हाई शेवटी फळ्यावर नाव?”

खरोखर आनंद झाला होता त्यांना. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्याला हाक मारून त्यांनी ते त्याच्याकडून पुन्हा मोठ्यानं वाचून घेतलं. मग गाडी हलली.

निघोज्यात उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत गेल्यावर सासूनं तांदळाचं ताट पुढं ठेवलं. नवरा दोन इयत्ता शिकून शाळा सोडलेला. त्यानं अंगठीनं तांदळावर माझं नवं नाव लिहिलं. अक्षरं वाकडी, एक मोडलेलं, एक ताटाच्या काठाला जाऊन टेकलेलं. कुणी म्हणालं नाही की कोंबडीचे पाय आहेत, पुसा. सगळ्यांनी ते वाचलं आणि त्याच नावानं मला हाक मारली. ज्या नावासाठी आबा आणि मी चार वर्षं त्या फळ्याकडे बघत होतो, त्या नावाचं त्या घरात कुणी राहत नव्हतं.