लॅकी दाजींचं तेल

ब्लफ बंदराच्या धक्क्यावर लॅकी फर्ग्युसनला लोक दोन गोष्टींवरून ओळखतात. एक म्हणजे तो दर मार्चात होडीत पाय टाकताना म्हणतो, "यंदा शेवटचं." आणि दुसरी म्हणजे ते तेल.

तेलाचं आधी सांगायला हवं, त्यावाचून या माणसाची ओळख पुरी होत नाही. लॅकी मूळचा आतल्या डोंगराकडचा. तिकडे समुद्र फक्त कॅलेंडरवर दिसतो. मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर तो स्वयंपाकी म्हणून हिंडायचा. सशाचा रस्सा, हरणाची भाजलेली तंगडी, असलं काही करावं तर लॅकीनंच, असं कातरणारे म्हणायचे, आणि लॅकीनं ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. पुढे मेरेआनाशी लग्न झालं आणि पहिल्याच हंगामात सासरच्यांनी त्याला टीतीच्या बेटावर नेलं. टीती म्हणजे बिळात बसून आईबापांच्या जिवावर लठ्ठ झालेली समुद्रपक्ष्यांची पिल्लं. निम्मा पक्षी आणि निम्मी चरबी. पण नव्या जावयाला कोण शिकवणार? "पक्षी तो पक्षीच," असं म्हणून त्यानं तवा तापवला, त्यात पळीभर तेल ओतलं आणि वर टीती सोडला.

जाळ थेट आढ्याला गेला. खिडकीचा पडदा गेला, लॅकीच्या भुवया गेल्या. मेव्हण्यानं, म्हणजे होआनीनं, ओलं पोतं टाकून बाकीची झोपडी वाचवली. होआनीला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. आता त्याचं टक्कल पडलंय, पण तेव्हापासून त्याचं एकच चालू आहे. चहा उकळत असो, इंजिन कुरकुरत असो, कुणाचं लग्न असो, होआनी हळूच म्हणतो, "दाजी, तेल टाकू का?" लॅकी दरवेळी चिडतो. न चिडेल तर तो लॅकी कसला.

बेटावर जायचा हक्क रक्ताचा. मेरेआनाच्या पणज्यांचे पणजे तिथे जात, म्हणून ती जाते. सून आणि जावई जायचे ते जोडीदाराच्या मागून, नाहीतर घरी बसायचं. घराण्याच्या वतीनं कुणी जायचं, कुणी नाही, याचा शेवटचा शब्द मेरेआनाच्या हेरा आत्याचा. थोडक्यात, हा सहा फुटी गडी इतकी वर्षं बायकोचा पदर धरून बेटावर चढत होता. आणि सांगायचा काय? "मी आपला हिच्यासाठी जातो. नाहीतर कोण जातंय तिथे मरायला?"

मरायला म्हणाल तर खरंच होतं. सामुद्रधुनीत होडी शिरली की लॅकीचं डोकं बादलीत. बिळात हात घालून पिल्लू ओढायला गेला की बोट चावून घेऊन परत. मग पिसं उपटायला बसवलं, तर पिसं पक्ष्यापेक्षा याच्याच अंगावर जास्त. पिसं उपटलेला पक्षी गरम मेणात बुडवतात आणि गार झाल्यावर मेण सोलतात, म्हणजे बारीक लव निघून येते. लॅकीनं मेणात पक्ष्याबरोबर मनगटही बुडवलं. शेवटी आत्या म्हणाली, "याला चुलीपाशी बसवा. निदान नजरेसमोर राहील."

चुलीपाशी मात्र लॅकी शहाणा झाला. टीती उकळायचा, पहिलं पाणी फेकायचं, दुसरंही फेकायचं, तिसऱ्या पाण्यात बटाटे आणि पालेभाजी टाकून शिजवायचं, हे तो शिकला. दुपारी खडकावर गळ टाकून निळे कॉड मासे धरायला लागला. त्यांच्या डोक्यांचं सार त्यानं एकदा केलं, तेव्हा हेरा आत्यानं न बोलता दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला. ते लॅकीचं प्रशस्तिपत्र. ते तो आजही धक्क्यावर सांगतो, कुणी विचारलं नाही तरी.

तर यंदा जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, मेरेआना म्हणाली, "लॅकी, मी यंदा येत नाही. गुडघे गेले माझे. त्या खडकावरच्या शिड्या आता मला जमायच्या नाहीत."

"आत्या जाते की. सामानाच्या तारेवरून, बटाट्यांच्या पेटीत बसून."

"आत्या बसते. मी नाही बसायची. बटाटा आहे का मी?"

इथे लॅकीनं एक शब्द खरा बोलायला हवा होता. पण पडलो तरी नाक वर. तो म्हणाला, "बरं झालं बाई. सुटलो एकदाचा." एवढ्यावर थांबता तरी ठीक होतं. हा धक्क्यावर जाऊन ज्याला त्याला सांगत सुटला, की यंदा मी मोकळा, घरी पाय पसरून पडणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्यांनी त्याचं ऐकलं आणि, नवल म्हणजे, खरं मानलं.

फेब्रुवारीत होआनीच्या अंगणात पिशव्या करायला सगळे जमले. समुद्रातल्या शेवाळाचे जाड, रुंद पट्टे आतून चिरायचे, तोंडानं फुगवायचे आणि वाळवायचे. पुढे त्यात खारवलेले पक्षी भरतात. फुगवण्यात लॅकीचा हात, म्हणजे छाती, धरणारा कुणी नाही. त्याच्या आजोबांनी त्याला लहानपणी बॅगपाइप शिकवला होता. त्यात सूर कधी लागला नाही, पण फुफ्फुसं तयार झाली.

"मी सहज आलो," तो म्हणाला. "फुगवायला मदत म्हणून."

"अहो दाजी, तुम्ही कशाला?" होआनी उठला. "बसा ना. ए, दाजींना ती गादीची खुर्ची द्या. चहा घ्या. केक कापा रे."

लॅकी खुर्चीवर बसला. हातात बशी, बशीत केक. समोर सगळे शेवाळात कोपरापर्यंत बरबटलेले, एकमेकांना शिव्या देत, हसत. लग्न झाल्यापासून या घरात त्याला कुणी जावयाचा मान दिला नव्हता. ए लॅकी, बटाटे सोल. ए लॅकी, राख काढ. मान मिळत नाही म्हणून तो मेरेआनापाशी कितीदा कुरकुरला होता. आज मान मिळाला आणि केक तसाच बशीत राहिला. चहा उकळून उतू गेला, चुलीवर चर्र झालं, लॅकीनं कान टवकारले. होआनी तेलाबद्दल काही बोलला नाही. पाहुण्याची कुणी थट्टा करतं का?

स्वयंपाकाला होआनीनं आपला नवा जावई नेमला होता. ब्रेंट त्याचं नाव, ऑकलंडचा, हसतमुख पोरगा, नूडल्सची पाकिटं खोक्यानं विकत घेणारा. त्याची बायको बेटावर जाणार होती, त्यामुळे तो हक्कानं जाणार. लॅकीनं त्याला आपलं मोठं पातेलं द्यायला नेलं. "हे घे. पण याचं बूड एका बाजूनं पातळ आहे. माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही ते."

"काही हरकत नाही, काका," ब्रेंट म्हणाला. "मी नवीन घेतलंय. प्रेशर कुकर."

लॅकी पातेलं घेऊन परत आला. मेरेआनानं ते पाहिलं.

निघायच्या सकाळी धक्क्यावर सामान चढत होतं. हेरा आत्या एका उपड्या बादलीवर बसून नजर ठेवत होती. लॅकी "फक्त ओझी उचलायला" आला होता. मेरेआना घरच्या सपाता घालूनच गाडीतून उतरली होती. हात हलवायचा आणि परत फिरायचं, एवढंच तिचं काम होतं.

लॅकीनं बटाट्यांची पोती चढवली. मग पोती मोजून ब्रेंटला म्हणाला, "कमी पडतील." मग म्हणाला, "पहिलं पाणी फेकायचं. दुसरंही. मोह होतो, पण फेकायचं." मग म्हणाला, "कॉड पश्चिमेच्या खडकावर लागतो, पण भरती येताना, आणि डोकी फेकलीस तर बघ." मग आठवलं म्हणून चुलीचं झाकण, धुराड्याचा वाकडेपणा, आत्याच्या साराला मीठ किती. होडीचं इंजिन सुरू झालं तरी हा बोलतच होता. ब्रेंट बिचारा मान डोलवून थकला.

"जावई," हेरा आत्या म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, पण सगळे थांबले. "तुला यायचंय का?"

"मला? छे, आत्याबाई! मी तर..." लॅकीनं नेहमीचं वाक्य उचललं आणि ते तोंडातच राहिलं. त्यानं होडीकडे पाहिलं. मग त्याचे कान लाल झाले. "यायचंय," तो म्हणाला. "दर वर्षीच यायचं असायचं. हिच्यासाठी बिच्यासाठी काही नाही. मलाच."

आत्यानं मेरेआनाकडे पाहिलं. "नियम तुला माहीत आहे, पोरी. तू नाही, तर तो नाही."

मेरेआना नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "सुटलो म्हणालास."

"म्हणालो."

"मागच्या कितीतरी हंगामांपासून माझे गुडघे दुखतायत. मी केव्हाच सोडलं असतं. पण मी नाही गेले तर तुला कोण नेणार, म्हणून जात राहिले. आणि यंदा तू सुटलो म्हणालास. मला वाटलं, म्हातारपणी खरं बोलायला लागला."

इतकी वर्षं तो हिच्यासाठी जातो असं जगाला सांगत होता आणि ती त्याच्यासाठी जात होती, जगाला न सांगता. त्याला लाज वाटली. तिथल्या तिथे तिचे पाय चेपावेत असं वाटलं.

"नको जाऊ," तो म्हणाला. "खरंच नको. मी घरी थांबतो."

"आता गप्प बस." ती होआनीकडे वळली. "तुझा जाड स्वेटर काढ. आणि कुणीतरी मला बूट द्या, मी सपातांवर आहे."

सामुद्रधुनीत लॅकीचं डोकं बादलीत गेलं. सगळे त्याच्या "यंदा शेवटचं" या वाक्याची वाट बघत होते. त्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कांदे घेतलेत का?"

बेटाच्या खडकाशी होडी लागली. वरून तार आली, तारेला पेटी आली. आत्या पेटीत बसून सरावानं वर गेली. पेटी परत खाली आली. मेरेआनानं तिच्याकडे असं पाहिलं की लॅकीनं नजर दुसरीकडे वळवली. मग भावाचा स्वेटर नीट खाली ओढून, पाहुण्यांच्या गाडीत बसावं तशी ती पेटीत बसली. शेजारी जागा उरली म्हणून होआनीनं एक बटाट्यांचं पोतंही ठेवलं.

"ओढा!" ती ओरडली. "आणि कुणी हसलं तर याद राखा!"

लॅकी खाली दोर धरून उभा होता. पेटी डोलत वर चालली. तिचे दोन्ही हात पेटीच्या काठावर घट्ट होते आणि ती खाली बघत नव्हती. तिला उंचीची भीती वाटते. ही गोष्ट लॅकीला लग्नापासून ठाऊक होती, आणि आज सकाळी धक्क्यावर ती त्याच्या लक्षातही आली नव्हती.

पेटी वर टेकली. मग कड्याच्या काठावर तिचं डोकं दिसलं.

"लॅकी! ए लॅकी! तेल आणलंस का?"

होआनी खडकावर लोळायचा तेवढा बाकी राहिला. ब्रेंटला काही कळलं नाही, तरी तो हसला. आणि ज्यानं त्या एका प्रश्नावर उभा जन्म चिडण्यात घालवला, तो लॅकी फर्ग्युसन ओल्या दोराच्या वेटोळ्यावर बसून घळघळा रडला.

"नाही आणलं," तो वर ओरडला. "टीतीला लागत नाही ते!"

"मग बसलास काय?" वरून आवाज आला. "चूल कोण पेटवणार?"