वंश खुंटला म्हणे! अ‍ॅशबर्न ते मॉरिसव्हिल, एका लॉर्डच्या घरावरून

भाऊजींच्या ईमेलला जोडलेल्या पानावर माझ्या नवऱ्याच्या नावापुढे दोन शब्द होते : वंश खुंटला. मी ते वाचत होते तेव्हा खुंटलेला वंश समोरच्या सोफ्यावर तंगड्या पसरून सिरियल खात होता. तिचं नाव सई, वय बारा, माझ्या एकुलत्या एक मुलीची मुलगी.

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगते. कुलवृत्तांत म्हणजे घराण्याचं पुस्तक. मूळ पुरुषापासून आजपर्यंत कोण कोणाचा मुलगा, कुठे राहिला, काय केलं. सुनांची नावं माहेरासकट येतात. मुलींचं मात्र लग्न झालं की ओळ संपते. ज्याला मुलगाच नाही, तो वारल्यावर त्याच्यापुढे हे दोन शब्द. आमच्या सासरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे आणि तिचे संपादक माझे चुलत दीर, इथे अमेरिकेतच मॉरिसव्हिलला राहणारे निवृत्त इंजिनियर. मी कडक उत्तर पाठवलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं : "वहिनी, नियम जुना आहे. इंग्लंडच्या लॉर्ड लोकांतही पदवी मुलाकडेच जाते. तुम्ही कॉन्व्हेंटच्या, तुम्हाला मी काय सांगणार!"

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला इंग्लंडचे राजेराण्या छडीच्या धाकाने पाठ करायला लावले होते. त्यात राण्याही होत्या हे मला पक्कं आठवत होतं. लॉर्ड लोकांचं मात्र ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना भांडायचं नाही ही माझी जुनी शिस्त.

माझी लेक मेधा इथे व्हर्जिनियात डेटा सेंटरमध्ये काम करते. ती म्हणाली, "आई, डोंगरापलीकडे शेननडोआच्या व्हॅलीत एका लॉर्डचं घर आहे. सईची क्लास ट्रिप गेली होती. म्युझियम केलंय."

"मग शनिवारी जाऊ. आणि तिथून तसंच मॉरिसव्हिलला."

"सिरियसली? दोन शब्दांसाठी दिवसभर ड्राइव्ह?"

"तुझ्या बाबांपुढचे दोन शब्द आहेत. दिवाळीआधी पुस्तक छापायला जाणार. फोनवर भाऊजी 'बघू' म्हणतात. समोर बसल्यावर काय म्हणतात ते मला ऐकायचंय."

जावई वेंकट, तेलुगू आणि शहाणा माणूस. तो गाडीची हवा तपासून आला आणि "ऑल द बेस्ट, अत्तय्या", म्हणजे सासूबाई, एवढं म्हणून घरीच राहिला.

अ‍ॅशबर्नहून पश्चिमेला निघताना टोलचा रस्ता घेऊ नका, सात नंबरचा रस्ता फुकट आहे आणि सुंदरही. सकाळी लवकर निघालात तर गर्दी लागत नाही. खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरांच्या पेट्या संपल्या की घोड्यांची कुरणं लागतात, मग ब्लू रिजचा छोटा घाट, आणि पलीकडे उतरताना शेननडोआ नदी. ऑक्टोबरचा मध्य होता. डोंगर असा लाल-पिवळा झाला होता की मीदेखील पाच मिनिटं कोणावर चिडले नाही. रस्त्याकडेला शेतकऱ्यांच्या टपऱ्यांवर सफरचंदं आणि गरम सायडर डोनट मिळतात. डोनट तिथेच उभ्याने खा, घरी नेलेत तर चामडं होतं. आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या होत्याच. सईने पुरी आणि डोनट एकत्र खाऊन पाहिलं आणि मला तसं करायला लावलं. वाईट नाही लागत.

लॉर्डचं घर म्हणजे मी राजवाडा धरून चालले होते. निघालं दगडी फार्महाउस, मागे सफरचंदांची बाग आणि कोठारात गंजलेला ट्रॅक्टर. तिकीट थोडकं आहे, साठीच्या वरच्यांना सवलत. मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. माहिती सांगायला एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. मी त्यांना सरळच विचारलं, "मुलगा नसला की तुमच्या लॉर्डची पदवी संपते का?"

"कोणती पदवी, त्यावर आहे," त्या म्हणाल्या, आणि मला भिंतीवरच्या वंशवृक्षापुढे उभं केलं.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत. बऱ्याच पदव्या खरंच फक्त मुलाकडे जातात. मुलगा नसला तर भाऊ, तो नसला तर चुलत भाऊ, तोही नसला तर संपली. भाऊजी तेवढ्यापुरते बरोबर. पण काही फार जुन्या बॅरनच्या पदव्या मुलीकडेही जातात. या घराण्याची, बॅरन थॉर्नवेलची, तशीच होती. एका पिढीत बॅरनला मुलगा झाला नाही, तीन मुली झाल्या. आता गंमत अशी की भावांत थोरला वरचढ, पण बहिणींत थोरली-धाकटी नाही. तिघींचा हक्क सारखा. म्हणून पदवी कोणालाच मिळाली नाही, पण संपलीही नाही. ती निजली. तीन बहिणींच्या तीन फांद्या वाढत गेल्या. दोन यथावकाश थांबल्या. मधलीची नात लग्न करून व्हर्जिनियात आली होती, तिची फांदी उरली. कैक पिढ्यांनी इंग्लंडहून पत्र आलं ते या बागेत सफरचंदं विकणाऱ्या एका बाईला. पदवी जागी झाली होती आणि ती बॅरोनेस होती.

"सो शी वॉज अ रिअल लेडी? विथ अ ट्रॅक्टर?" सईने विचारलं.

"चालवायचीही तीच," बाई म्हणाल्या.

मी वंशवृक्ष नीट पाहिला. दोन थांबलेल्या फांद्यांतही शेवटच्या माणसापर्यंत प्रत्येक मुलीचं नाव होतं, तिच्या मुलांचं नाव होतं. लिहून ठेवलं होतं म्हणून तर बागेतली बाई सापडली! मी तिथे एवढ्या मोठ्याने "हं!" म्हटलं की मेधाने मला बाहेर नेलं.

पुढचा रस्ता लांब आहे. एक्याऐंशी नंबरच्या हायवेवर ट्रकांची वर्दळ असते, पण दोन्ही हातांना डोंगर. स्टाँटनला जेवून पूर्वेला वळा, मग शार्लट्सव्हिलहून एकोणतीस नंबरने थेट दक्षिणेला. हॉटेलात राहणार असाल तर लिंचबर्ग सोयीचं पडेल. आम्ही न थांबता अंधार पडायच्या सुमारास मॉरिसव्हिलला पोचलो. तिथे इतकी देशी दुकानं आहेत की पुण्यात न मिळालेली भाजणी मला तिथे मिळाली.

माझी जाऊ सुषमा दारातच म्हणाली, "वहिनी, आधी जेवा, मग भांडा." भरली वांगी केली होती. मी तिचं ऐकलं.

जेवण झाल्यावर भाऊजींनी लॅपटॉप उघडला. मी निजलेल्या पदवीची गोष्ट सांगितली. त्यांना फारच आवडली. डोळे चमकले.

"वा! मग आपण 'वंश सुप्त' लिहू. खुंटला नको, सुप्त. तडजोड."

"सुप्त? ती तुमचं लिंबाचं लोणचं बरणीतून बोटाने खातेय, भाऊजी."

सईने बोट पाठीमागे लपवलं.

"वहिनी, भावना समजते. पण समिती पुण्यात. नियम सगळ्यांना एक. नाव पुढे नेतो तो वंश. मेधाचं घराणं आता वेगळं, तिची नोंद त्यांच्या पुस्तकात."

"काका, त्यांचं असं पुस्तकच नाहीये," मेधा म्हणाली.

"मग मी काय करणार?"

"निनादचं पान उघडा," मी म्हणाले.

निनाद त्यांचा मुलगा. रेडमंडला असतो. त्याला दोन मुली. भाऊजींनी पान उघडलं नाही. स्वयंपाकघरातून सुषमाचा आवाज आला, "त्याच्यापुढे काही नाही लिहिलेलं. हयात माणसापुढे लिहीत नाहीत. मी पाहिलंय ते."

"म्हणजे तुम्हाला कधीच लिहावं लागणार नाही," मी भाऊजींना म्हटलं. "पुढच्या आवृत्तीला दुसरं कोणीतरी असेल. तो लिहील. तुमच्या निनादपुढे. नियम सगळ्यांना एक."

बोलू नये ते बोलले. मेधा पुटपुटली, "आई, टू मच." भाऊजींनी लॅपटॉप मिटला आणि बागेत कढीपत्त्याच्या कुंड्या आत घ्यायला गेले. थंडी पडायला लागली की त्या गराजमध्ये आणाव्या लागतात. एकेक उचलून आणत होते, आमच्याकडे न बघता. मी मदतीला उठले तर "राहू द्या" म्हणाले. तो सूर ऐकून मी परत बसले. पण शब्द परत घेतले नाहीत. खोटे नव्हते.

सकाळी पोहे झाले, चहा झाला, विषय कोणी काढला नाही. मी मनात हरल्याचा हिशेब मांडायला लागले होते. आम्ही गाडीत बसलो. भाऊजी एक कुंडी घेऊन आले, मागच्या सीटखाली घट्ट बसवली. मग माझ्या खिडकीशी वाकले.

"सईचा जन्म अ‍ॅशबर्नचाच ना? आणि वेंकटचं पूर्ण नाव मेसेज करा. वडिलांच्या नावासकट. तेलुगू लोकांत आडनाव आधी येतं, समिती गोंधळेल."

मेधाने गाडी सुरू करायच्या आधी माझा हात धरला.

आता हे लिहिते आहे ती अ‍ॅशबर्नच्या स्वयंपाकघरातून. काल छपाईपूर्वीचं शेवटचं पान आलं. ह्यांच्या नावाखाली : कन्या मेधा, तिची कन्या सई. ते दोन शब्द नाहीत. निनादच्या खाली त्याच्या दोन्ही मुली, नुसती नावं नाहीत, पुढच्या पिढीसाठी जागा ठेवून. समितीच्या बैठकीत बरीच आरडाओरड झाली असं सुषमा सांगते. अखेर ठरलं की या आवृत्तीपासून मुलींची पुढची पिढीही द्यायची, "मिळेल तिथे". मिळेल तिथे! जणू त्या हरवल्यात. पण ठीक आहे, शोधायला सुरुवात तरी होईल.

या प्रवासाला एक शनिवार-रविवार पुरतो, रंग बघायचे तर ऑक्टोबरच. माझ्यापाशी काय उरलं म्हणाल तर कढीपत्ता, खिडकीत जीव धरून आहे. आणि एक खटकणारी गोष्ट. पान बघून झाल्यावर मी कपाटातून माझ्या माहेरचा कुलवृत्तांत काढला. लग्नात वडिलांनी दिलेला. आल्यागेल्याला मी तो कौतुकाने दाखवत आले. त्यात माझं नाव आहे, नवऱ्याचं नाव आहे, गाव आहे आणि मग पूर्णविराम. पुढे मेधा नाही, सई नाही. इतकी वर्षं माझं बोट त्या ओळीवर ठेवून मी म्हणत आले, ही बघा मी.

भारतात सकाळ होईपर्यंत थांबले आणि सांगलीला धाकट्या भावाला फोन लावला.

"आपल्या कुलवृत्तांताचं काम सध्या कोण बघतं रे?"

"का गं ताई? आता काय चुकलं?"

"चुकलं नाही, अर्धं राहिलंय. पेन घे. लिहून घे."