पाच वाजून वीस मिनिटं

बुकित पंजांगच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ, कुणी सुट्टीला निघालं की न विचारता वेळापत्रक छापून आणतात. आम्ही दक्षिण फ्रान्समधलं कार्कासोनचं जुनं तटबंदीचं गाव बघायला निघालो, तर पाच पानं! नऊ वाजून दहा मिनिटांनी किल्ल्याचा दरवाजा, अकराला कालव्याकाठी सायकली, साडेबाराला झाडाखाली दशम्या.

"दशम्या इथूनच न्या हं, वहिनी."

मी वैतागले. शेवटची ओळ तर कहर होती: 'पाच-वीस. तटावर बसणे. काहीही करू नये.'

परतल्यावर त्यांनी लिफ्टमध्ये गाठलंच. "पाच-वीसला काय केलंत?"

"फोटो काढले."

"म्हणजे राहिलंच की तुमचं!"

चरफडत घरी येऊन मी कॅमेरा उघडला. तटावरच्या प्रत्येक फोटोत आम्हीच होतो, खालच्या नदीकडे पाठ करून, हसत.