दादाचं तीन हजार वर्षांचं वर्तुळ

दादाचा मला लहानपणापासून हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही दोघंही दगडखाणीतले. मी दगड फोडायचो. तो नुसता एक डोळा बारीक करून कुठला कसा उभा करायचा ते सांगायचा, आणि शाबासकी त्याला. आयत्या बिळावर नागोबा.

तीस वर्षांपूर्वी एका हौशी बागमालकाने आमच्याकडून अकरा दगडांचं वर्तुळ उभं करून घेतलं. जुनं दिसावं म्हणून दादाने दगडांना ताक फासलं, त्यावर शेवाळ धरलं. पुढे मालक गेला, बाग ओसाड पडली, आणि कुठून तरी एक संशोधकबाई आल्या. त्यांनी ठरवलं, वर्तुळ तीन हजार वर्षांचं. पाटी लागली, तिकीट लागलं, आणि राखणदार नेमलं कुणाला? दादाला. पाठ गेल्यामुळे खाणीत त्याला काम उरलं नव्हतं. आता डोक्यावर टोपी, बसायला खुर्ची. वहिनी तर शेजारणींशी बोलताना त्याला 'आमचे साहेब' म्हणायला लागली. मी मात्र साठीला टेकलो तरी घणच मारतोय.

एक दिवस सहन होईना. बाई आलेल्या बघून सरळ पुढे गेलो. "हे आम्ही केलंय. खोटं वाटत असेल तर बघा." एका दगडावरचं शेवाळ खिळ्याने खरवडलं. दगड फोडताना पोलादी पाचरी ठोकायला मी पाडलेल्या भोकांची रांग उघडी पडली. बाईंचा चेहरा उतरला. त्या दादाकडे वळल्या. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दादाने टोपी काढली. वाटलं, आता हा मला वेड्यात काढणार.

"खरं आहे मॅडम," तो म्हणाला. "मी नुसते उभे केले. फोडले यानं. हात फिरवून बघा, भोकं कशी एका रेषेत आहेत. असा हात आमच्या खाणीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. माझा तर नव्हताच."

हे त्याच्या तोंडून ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो. ऐकायला मिळालं, आणि त्याची नोकरी गेली.

आता तो घरीच असतो. वहिनी माझ्यापुढे चहा ठेवते, पण बोलत नाही. काल त्याच्या पाठीला तेल चोळताना म्हटलं, "दादा, नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं."

"तुझ्या कामाला नाही कसं म्हणू?"

मला असं एकदाही बोलता आलं नसतं. जळफळाट होतो तो याचाच.